डोमचे दिवे आणि आमचे मौन

मंडळाचे अध्यक्ष आणि सुहृदहो,

गेल्या महिन्यात जर्मनीतल्या आपल्या या मराठी मंडळातली तीन कुटुंबे आमच्याकडे जेवायला आली होती. बोलता बोलता विषय निर्वासितांवर आला, तिथून मुसलमानांवर घसरला आणि एक भाऊजी, जे मनाने वाईट नाहीत हे मी शपथेवर सांगेन, म्हणाले, “या लोकांमुळे इथे आपल्याकडेही संशयाने पाहतात. सगळ्यांना परत पाठवले पाहिजे.” कोणी हसले, कोणी मान डोलावली, आणि मी पुरणपोळीवर तूप वाढत राहिले. पाहुणे गेल्यावर माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, “आई, डोमने दिवे बंद केले होते. तू गप्प का बसलीस?”

शाळेत तिला नुकतीच ५ जानेवारी २०१५ ची रात्र शिकवली होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रेस्डेनला सुरू झालेले ‘पेगिडा’ या चळवळीचे मोर्चे इस्लामविरोधी घोषणा देत आणि नाताळची गाणीही म्हणत. त्यांची इथली शाखा ऱ्हाइनपलीकडे डॉइट्झमध्ये जमली, त्या रात्री आपल्या कोलोनच्या डोमने, म्हणजे इथल्या कॅथेड्रलने, बाहेरचे सगळे दिवे मालवले. त्या मोर्चांत नेमाने चर्चला जाणारी माणसेही आहेत, त्यांनी थांबून विचार करावा, असे डोमच्या प्रमुखांचे म्हणणे होते. दिवा ‘विझला’ म्हणायलाही आपली जीभ धजत नाही, आपण तो ‘शांत झाला’ म्हणतो. त्यामुळे देवाच्या घराने आपणहून अंधार पत्करावा, हे उमजायला मला वेळ लागला. ते बोलणे परक्यांशी नव्हतेच, आपल्याच माणसांशी होते, आणि तेच सर्वांत अवघड असते.

त्याच वर्षी जूनमध्ये कोलोन धर्मप्रांतातल्या २३० चर्चच्या घंटा प्रत्येकी १०० वेळा वाजल्या, भूमध्य समुद्रात बुडालेल्यांसाठी एकूण २३,००० टोल. पुढच्या वर्षी कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल व्होल्की यांनी डोमसमोरच्या चौकात निर्वासितांची एक बोट ठेवून तिचीच वेदी केली. चर्चच्या मनोऱ्यांना हो म्हणणाऱ्याने मिनारांनाही हो म्हटले पाहिजे, असेही त्यांनी त्या सुमारास सांगितले. सगळे चर्च असे एका सुरात बोलत होते असे मात्र मुळीच नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी युरोपातल्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळीला, एक निर्वासित कुटुंब घ्यायला सांगितले, तेव्हा हंगेरीतल्या एका बिशपांनी हे आक्रमण आहे असे उघडपणे म्हटले होते.

आणि आपण? त्या वर्षीचे गणपती आठवा. ज्या चर्चच्या सभागृहात आपण दरवर्षी मूर्ती बसवतो, तिथे निर्वासितांसाठी खाटा लागल्या होत्या. ऐन वेळी जागा गेली म्हणून आपण किती कुरकुर केली, आणि त्या कुरकुरीत मीही होते! कोठीघरातली आपली आरतीची ताटे आणायला मी गेले, तर हीटरवर लहान मुलांचे मोजे वाळत होते, स्वयंपाकघराच्या दारावर फुली मारलेल्या डुकराचे चित्र होते आणि क्रूसाखालच्या भिंतीवर कोणीतरी कागदी बाण चिकटवला होता. मक्केची दिशा दाखवणारा तो बाण पॅरिशमधल्या एका आजींनी होकायंत्र आणून लावला होता. माझी ताटे त्यांनी फडक्याने पुसून हातात दिली.

आपल्यापैकी कोल्हापूरकरांना वळिवड्याचा कॅम्प सांगायला नको. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित तिथे राहिले, आणि त्यांचे चर्चही तिथे उभे राहिले. आपण ही गोष्ट जर्मन शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतो. त्याच तोंडाने ‘परत पाठवा’ कसे म्हणतो?

भाऊजींची बाजूही मला टाळायची नाही. २०१५ च्या शेवटच्या रात्री त्याच डोमच्या चौकात शेकडो स्त्रियांना जे लैंगिक अत्याचार सोसावे लागले, ते झाकून ठेवून निर्वासितांची बाजू घेता येणार नाही. संशयितांमध्ये नवे आलेले पुष्कळ होते. मुलीला त्या चौकातून एकटी पाठवताना माझा जीव आजही धास्तावतो. पण त्या रात्रीचे गुन्हेगार आणि हीटरवर मोजे वाळत घालणारी आई यांना एकाच दावणीला बांधणे मला जमत नाही. आपल्या पासपोर्टाकडे कोणी तसे पाहिले की आपल्याला किती लागते, ते या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे.

मुलीला मी त्या रात्री सांगितले की पाहुण्यांचा अपमान करायचा नसतो. तिने विचारले, “मग पाहुणे कोण होते, काका की ते लोक?” मला उत्तर सुचले नाही.

पॅरिशने आपल्या मंडळाला पत्र पाठवले आहे. दर शनिवारी आपल्या मराठी शाळेच्या वेळेत सभागृहाचा अर्धा भाग नव्याने आलेल्यांच्या जर्मन वर्गाला देता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या आणि दोन्ही वेळा तो विषय ‘वेळेअभावी’ पुढे ढकलला गेला. दोन्ही बैठकांना मी हजर होते. आज इथे येताना मुलीने गाडीत पुन्हा विचारले, पत्राला उत्तर गेले का?