जांभळ्या पानांचं हे झाड कोणतं?

[दृश्य: सोसायटीचं फाटक, दुपारचं ऊन, झाडाचा शेंडा]

निवेदन:
पुण्यात काय, नाशकात काय, बंगल्याच्या कुंपणाशी हे झाड दिसतंच. उंची माणसाच्या डोक्याच्या थोडी वर, पानं आमसुलाच्या रंगाची. फाल्गुन-चैत्रात कुसुंबालाही तांबडी पालवी फुटते, पण ती काही आठवड्यांत हिरवी होते. इथे पान जून झालं तरी रंग सोडत नाही.

फोटोवरून हे स्मोक बुश (कोटिनस) नावाचं झुडूप वाटणं साहजिक आहे. तशीच गोलसर पानं, तसेच लांब देठ. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसलाही हे साम्य दिसलं होतं. १७५३ साली त्याने दिलेल्या नावातच ते आहे. पण स्मोक बुश आंब्याच्या कुळातलं, पश्चिम हिमालयात रानोमाळ वाढणारं. आपलं झाड वेगळं.

तेव्हा रंग बाजूला ठेवा आणि फांदी बघा. स्मोक बुशला एका पेरावर एकच पान; एक या बाजूला, पुढचं त्या बाजूला. इथे बहुतेक पेरांवर तीन-तीन पानं आहेत.

[दृश्य: तुटलेला देठ, अगदी जवळून]

आणि हा चीक. पांढरा, दुधासारखा. म्हणजे हे शेर आणि पॉइन्सेटियाच्या गोतावळ्यातलं: युफोर्बिया कोटिनिफोलिया, म्हणजे कोटिनससारख्या पानांचं. लिनियसने दिलेलं नाव ते हेच. मूळचं मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंतचं.

ही खूण बघताना चीक बोटाला लागू देऊ नका. कातडीची आग होते, फोडही येतात. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. छाटणीला हातमोजे हवेत, चष्मा हवा. लहान मुलं खेळतात तिथे लोक हे झाड का लावतात, मला तरी कळत नाही.

[दृश्य: भिंतीच्या सावलीतली फांदी]

सावलीतली पानं बघा, हिरवट आहेत. हरितद्रव्य सगळ्याच पानांत असतं. उन्हातल्या पानांत अँथोसायनिन हे लाल-जांभळं रंगद्रव्य त्याला झाकून टाकतं. फुलं बारीक, पिवळट पांढरी, पटकन नजरेत न भरणारी. फळ मात्र ओळखीचं वाटेल: एरंडासारखं तीन कप्प्यांचं बोंड. कूळही एरंडाचंच.

बी पेरायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. छाटलेल्या फांदीचा चीक सुकू द्यायचा आणि ती मातीत खोचायची. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात हे झाड असंच जातं, बहुतेकदा नावाशिवाय आणि चिकाबद्दल कोणी काही न सांगता.