कापसाच्या खोलीतलं युकुलेले

(हिंगणघाटजवळच्या एका गावातल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'घरच्या घरी, एका दमात रेकॉर्डिंग'. त्याकडे येतोच. युकुलेले तुम्ही गणपतीत ऐकलंय. पोरं त्याला 'छोटी गिटार' म्हणतात, म्हणू देत. १८७९ साली मदेइरा बेटावरून मजुरांचं जहाज हवाईला उसाच्या मळ्यांवर गेलं. त्यांच्यासोबतच्या लहान तंतुवाद्यांतून हे घडलं. मळ्यावर राबायला निघालेल्यांच्या सामानातून आलेलं वाद्य आपल्या गावात परकं कसं असेल?

पण आधी कापसाचं सांगू द्या. वेचणी झाली की भाव चढेपर्यंत कापूस कुठे असतो? पुढच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत. त्या खोलीत उभं राहून एकदा टाळी वाजवा. वाजते आणि तिथेच विरते, भिंतीवरून काही परत येत नाही. शहरात याच्यासाठी भिंतींना फोम ठोकतात, पैसे मोजून. आपल्याकडे तो क्विंटलनं विकायला ठेवलेला असतो! (हशा)

तर त्या खोलीत मी युकुलेलेवर एक भजन वाजवलं, फोनवर रेकॉर्ड करत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. शहरातल्या एका स्टुडिओला पाठवलं. उत्तर आलं, 'मध्ये लय ओढली गेलीय, तेवढ्या दोन ओळी परत वाजवून पाठवा, आम्ही चिकटवतो.' मंडळी, ती ओढ मुद्दाम आहे. अंतरा संपून धृपद परत धरायच्या आधी आपले टाळकरी दम घेतात, तेवढी ती जागा. बारशापासून दिंडीपर्यंत आपण ती ऐकत आलोय. त्यांच्या क्लिकच्या, म्हणजे यंत्राच्या एकसारख्या टिकटिकीच्या, ठोक्यात ती बसली नाही म्हणून ती चूक ठरली! याचा मला आजही राग येतो.

तोवर कापूस विकला गेला होता. काटा झाला, गाडी भरली, खोली मोकळी. त्याच फोनवर, त्याच खोलीत दोन ओळी वाजवून पाठवल्या, त्यांनी जोडल्या. आजीला ऐकवलं. तिला ना क्लिक माहीत, ना ट्रॅक. डोळे मिटून ऐकत होती, मध्येच म्हणाली, "मंधातच कुठी उठून गेल्ता रे बाप्पा?"

तिनं खोली ओळखली. दोन ओळींपुरता कापूस नव्हता, हे तिच्या कानाला कळलं.

(अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, हो, पाच मिनिटं.

मुद्दा असा. युकुलेलेची सगळ्यात वरची 'जी' (G) सुराची तार शेजारच्या 'सी' (C) तारेपेक्षा उंच सुरात लावतात. त्यामुळे चाल या तारेवरून त्या तारेवर उडत जाते, आणि नवा सूर वाजताना आधीचा अजून घुमत असतो. मध्येच कापलं की त्या घुमण्याचं शेपूट तुटतं. दहा वाद्यांच्या गर्दीत हे झाकलं जाईल, एकट्या वाद्यात उघडं पडतं. म्हणून एकट्यानं वाजवायचं तर एका दमात. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायल्या तेव्हा जोडकाम नव्हतंच. तीन मिनिटांत सगळं, आणि शेवटी स्वतःचं नाव सांगून मोकळ्या. आपल्याला काय हरकत आहे?

आता भराभर. फोन विमान मोडवर टाका. आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करता आली तर करा, नाहीतर हळू जागा फुगतात. फोन वीतभर अंतरावर, रोख दांडी नि पेटी जुळतात तिथे, भोकासमोर नको, तिथे आवाज घोंगावतो. अंतर निम्मं केलं की सूर सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, खोलीची कुरकुर तेवढीच राहते. कूलर बंद, पंखा बंद. रात्री थ्री-फेज आली की मोटारी सुरू होतात, ती वेळ टाळा. एक सूर घसरला तरी पुढे चला, पूर्ण वाजवा, हवं तर पुन्हा पहिल्यापासून. बैलाच्या घुंगराचा आवाज आला तर राहू द्या.

आणि हे कापूस विकायच्या आधी करा. ज्यांच्या घरी अजून आहे, त्यांनी या आठवड्यात बोलवा. युकुलेले मी आणतो, तुम्ही फक्त बसायला जागा करा.