हायस्कूलच्या वर्गात वंश, संस्कृती आणि ओळख : सुरुवात खानापूरपासून

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीला समाजविज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांसमोर आज एक प्रस्ताव ठेवायचा आहे. वंश, संस्कृती आणि ओळख हे विषय शिकवताना सुरुवात भाषावादापासून करू नये. ती खानापूर तालुक्यातील सिद्दींपासून, म्हणजे आफ्रिकी पूर्वज असलेल्या समाजापासून करावी.

आपल्याकडे फळ्यावर ‘ओळख’ एवढे लिहिले, की वर्ग लगेच दुकानांच्या पाट्या, १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव आणि त्याच दिवशी मराठी भाषक पाळतात तो काळा दिवस यांवर येतो आणि घरी ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी बाहेर पडू लागतात. त्यात मुलांचा दोष काहीच नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच तोंडपाठ आहे, त्यावर विचार करायला लावणे फार अवघड जाते.

(पडद्यावर नकाशा : खानापूर, हल्याळ, यल्लापूर, कलघटगी)

या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले. त्यांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तेथून निसटलेली व मुक्त झालेली माणसे घाट चढून या रानात वसली. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. घरात ते कोकणी बोलतात, तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली असते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींना मात्र त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. समाज एकच, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की कागदावरची ओळख बदलत होती, हे सीमाभागातील मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता मुलांना विचारा : या माणसांचा वंश कोणता, संस्कृती कोणती आणि ओळख कोणती? चेहरा पाहून दिलेले उत्तर बोली ऐकल्यावर टिकत नाही आणि बोली ऐकून दिलेले उत्तर त्यांचे सण पाहिल्यावर डळमळते.

येथे विज्ञानाची जोड द्यावी. त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. जेथे सूर्याचे अतिनील किरण तीव्र असतात, तेथे हजारो वर्षांत गडद त्वचा टिकून राहिली, कारण ती शरीरातील फोलेट या जीवनसत्त्वाचे रक्षण करते, तर कमी उन्हाच्या प्रदेशात ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी फिकट त्वचा सोयीची ठरली. हा बदल प्रदेशागणिक हळूहळू होत जातो, त्यात कोठेही रेघ मारता येत नाही. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की माणसामाणसांतील जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत आढळतात. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरणही जरूर सांगावे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्या मोजत होत्या; युरोपीय माणसाची श्रेष्ठता कवटीच्या ठेवणीत दिसावी, अशी त्या गुरूची अपेक्षा होती, आणि मोजमापांतून तसे काही निघत नाही, हा निष्कर्ष या मराठी विद्यार्थिनीने त्यांच्यापुढे ठेवला.

मग वंशभेद खोटा का? मुळीच नाही. वर्गीकरण पोकळ असले तरी त्याचे परिणाम खरे असतात, आणि हे समजावण्यासाठी पुन्हा सिद्दींकडेच यावे. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना निवडून धावण्याच्या शर्यतींचे प्रशिक्षण सुरू केले. आफ्रिकी रक्त म्हणजे उपजत वेग, असा त्यामागे विचार होता. पुढच्या दशकात ती योजना बंद पडली. काही मुलांना त्यातून संधी मिळाली, हे नाकारू नये. पण ‘तुम्ही लोक चांगले धावत असाल’ हे वाक्य कौतुकाचे असूनही समोरच्या मुलाला काय व्हायचे आहे, हे न विचारताच बोललेले असते. यावर नववीचा वर्ग आख्खा तास बोलू शकतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. वर्गात सिद्दी विद्यार्थी असेल, तर ‘तू सांग रे तुमच्यातले’ म्हणून त्याला उभे करू नये; तो शिकायला आलेला असतो, नमुना म्हणून नव्हे. आणि रंगाची तुलना करण्यासाठी मुलांना हात शेजारी शेजारी ठेवायला लावू नये, कारण ‘काळ्या’ हे टोपणनाव ज्याला चिकटले आहे, त्याच्यासाठी तो तास शिक्षाच ठरतो. त्या टोपणनावाबद्दल मात्र शिक्षकाने वर्गात स्पष्ट बोलावे.

संस्कृतीसाठी सौंदत्तीची यल्लम्मा पुरेशी आहे. डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या मराठी भाविकांची चूल आणि धारवाडकडच्या कानडी कुटुंबाची चूल शेजारी शेजारी पेटते, दोघांचीही परडी भरली जाते आणि ‘उदो उदो’ दोघेही म्हणतात. पण गोडगोड बोलून थांबू नये. याच देवीला मुली सोडण्याची चाल होती आणि ती रोखण्यासाठी कर्नाटकाने १९८२ मध्ये कायदा केला. संस्कृती शिकून आत्मसात केलेली असते, म्हणून तिच्यातले काही सोडताही येते. मोठ्या मुलांपासून हे लपवण्याचे कारण नाही.

ओळखीचा भाग शेवटी घ्यावा आणि तो शाळेच्या प्रवेश अर्जावरून घ्यावा. मातृभाषा, धर्म, जात, माध्यम असे रकाने मुलांपुढे ठेवावेत. यांपैकी कोणता रकाना तुम्ही स्वतः भरला असता, कोणता दुसऱ्याने भरला आणि कोणता रकाना अर्जात नाहीच, हे प्रत्येकाने वहीत लिहावे. वाचून दाखवण्याची सक्ती नको. घरात कानडी बोलणारी आई आणि मराठी बोलणारे वडील असलेली मुले या भागात अनेक आहेत आणि मातृभाषेचा एकच रकाना त्यांना पुरत नाही.

इतके झाल्यावर सीमाप्रश्न खुशाल घ्यावा. १९५६ची राज्य पुनर्रचना, सीमावादासाठी नेमलेला १९६६चा महाजन आयोग आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, एवढा क्रम फळ्यावर लिहावा. मग मराठी विद्यार्थ्याने कानडी शेजाऱ्याची बाजू एक पानभर, त्या शेजाऱ्याला वाचून पटेल अशी लिहावी. गुण द्यायचेच असतील, तर त्या पानाला द्यावेत.