दहा वर्षांचा नफा आणि आजचा भाव

(कारंजा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. ज्यांची वावरं त्यात गेली त्यांच्या खात्यात मोबदला जमा झाला, आणि एवढी मोठी रक्कम एकदम हाती यायची वेळ बहुतेक घरांत पहिल्यांदाच आली. कोणी दुसरीकडे जमीन घेतली, कोणी अकोल्याला प्लॉट घेतला, कोणी घर बांधलं. उरलेले पैसे मुदत ठेवीत आहेत, आणि आता घरातला पोरगा मोबाईल पुढे करून म्हणतो, बाबा, हे शेअरमध्ये टाकू. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींच्या वर गेली. पोराचं म्हणणं चुकीचं नाही. कंपनीच्या धंद्यात भागीदार होणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण भागीदारीचा जो भाव मागताहेत तो रास्त आहे की नाही, हे त्यानं पाहिलंय का? आज मला तेवढ्याच विषयावर बोलायचं आहे.

वावर विकत घेताना तुम्ही काय पाहता? पाणी, माती, रस्ता आणि झडती, म्हणजे एकरी किती पिकतं ते. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं, आठवतं ना? तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दाणा उरला नव्हता, ती गोष्ट वेगळी. त्या महिन्यात एखादा विकणारा म्हणाला असता, ‘या वावरात एकरी आठ क्विंटल होते, दहा हजारांनी ऐंशी हजार झाले, त्या हिशोबानं जमिनीचे पैसे द्या’, तर तुम्ही इसार दिला असता का? नसता दिला. तुम्ही विचारलं असतं, गेल्या आठ-दहा वर्षांत काय पिकलं? पावसानं दगा दिला त्या वर्षी किती झालं? यलो मोझॅक रोग आला तेव्हा? चांगली-वाईट सगळी वर्षं धरून हे वावर सरासरी काय देतं, ते पाहून तुम्ही भाव ठरवता. हेच शहाणपण शेअरच्या भावाला लावायचं आहे.

शेअर महाग की स्वस्त हे सांगायला लोक सर्रास ‘पी/ई’ वापरतात. शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर वर्षाचा नफा. भाव ९०० रुपये आणि गेल्या वर्षीचा नफा ४५ रुपये, तर पी/ई वीस. म्हणजे एक रुपया नफ्यासाठी आपण वीस रुपये मोजतो. हिशोब सोपा आहे, पण तो एकाच वर्षाच्या नफ्यावर उभा आहे, आणि ते वर्ष कसं होतं हे तो सांगत नाही.

टाटा स्टीलचं पाहा. कंपनी मोठी, जुनी, तिच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नाही. २०२१-२२ मध्ये जगभर पोलादाचे भाव चढले आणि कंपनीला ४१ हजार कोटींहून जास्त नफा झाला. तेव्हा तिचा पी/ई चारच्या आसपास होता. चार! बघणाऱ्याला वाटावं, फुकट मिळतंय. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींच्या घरात आला आणि २०२३-२४ मध्ये कंपनी जवळजवळ पाच हजार कोटींच्या तोट्यात गेली. तोटा झाला की पी/ई निघतच नाही. पण कंपनी तीच होती, भट्ट्या त्याच होत्या, आणि बाजारातला भावही कोसळला नव्हता. नफ्याच्या त्या एका वर्षावर तिची किंमत ठरवणं चूक होतं, आणि तोट्याच्या वर्षावर ठरवणंही तेवढंच चूक झालं असतं.

एका कंपनीचं होतं ते पूर्ण बाजाराचंही होतं. मार्च २००९ मध्ये अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक, म्हणजे तिथल्या पाचशे मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा एकत्रित आकडा, ६७६ पर्यंत खाली आला होता. बँका बुडत होत्या, कंपन्यांचे नफे जवळजवळ पुसले गेले होते. भागाकारात खालचा आकडा इतका लहान झाला की त्या वर्षीच्या मध्यात साधा पी/ई शंभराच्या वर गेला. तो आकडा ओरडून सांगत होता की बाजार भयंकर महाग आहे, आणि त्या पिढीतली सर्वांत चांगली खरेदी तेव्हाच होती. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टी या आपल्या निर्देशांकाचा पी/ई चाळीसच्या वर दिसत होता. त्यात कोरोनाच्या वर्षात खाली गेलेल्या नफ्याचा मोठा हात होता.

यावरचा उपाय जुना आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकेतल्या दोन गुंतवणूक अभ्यासकांनी १९३४ मध्येच लिहून ठेवलं की नफा एका वर्षाचा धरू नका, निदान पाच वर्षांची, शक्यतो सात किंवा दहा वर्षांची सरासरी धरा. १९२९ ची तिथल्या शेअर बाजाराची पडझड त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पुढे १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी त्याला संशोधनाची बैठक दिली. त्यांनी दहा वर्षांचे नफे घेतले, त्यांतून महागाई काढली आणि सरासरीनं भावाला भागलं. या गुणोत्तराला आज ‘केप’ म्हणतात, काही जण ‘शिलर पी/ई’ म्हणतात. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्यासोबत ते मिळालेले युजीन फामा मात्र बाजारातला भाव आधीच सगळं जाणून असतो या मताचे. एकाच वर्षी दोघांचा सन्मान झाला, यावरून हा वाद किती जिवंत आहे ते समजा.

महागाई का काढायची, इथे थोडं थांबू, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. २०१४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव २,५६० रुपये होता. २०२४ मध्ये तो ४,८९२ झाला. कागदावर जवळजवळ दुप्पट. पण त्याच दहा वर्षांत डिझेल, औषध, मजुरी, किराणा कुठून कुठे गेलं? किरकोळ महागाईचा सरकारी निर्देशांक २०१२ साली १०० धरला, तर २०२४ च्या मध्यात तो १९० च्या आसपास होता. वर्षाला साधारण पाच टक्क्यांनी महागाई वाढली असं धरलं, तर २०१४ चे २,५६० रुपये म्हणजे २०२४ चे सुमारे ४,१७० रुपये. मग खरी वाढ किती, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

कंपनीच्या नफ्याचंही असंच करायचं. समजा, आपल्या ९०० रुपयांच्या शेअरचा दहा वर्षांपूर्वी प्रतिशेअर नफा २० रुपये होता. तो तसाच सरासरीत घातला तर जुनं वर्ष उगाच कमजोर दिसतं. पाच टक्क्यांनी दहा वर्षं पुढे आणला की ते २० रुपये आजचे साडेबत्तीस होतात. प्रत्येक वर्षाचा नफा असा आजच्या रुपयात आणायचा, दहांची बेरीज करून दहानं भागायचं. समजा सरासरी ३० रुपये आली. भाव ९०० होता ना? मग केप तीस. मघाशी हाच शेअर वीस पटीचा वाटत होता, कारण ४५ रुपयांचं वर्ष तेजीचं होतं.

हा आकडा उलटा करून पाहा. तीसचा उलटा म्हणजे शंभरात साधारण सव्वातीन. महागाई वजा जाता दीर्घकाळात किती परतावा मिळावा, याचा तो ढोबळ अंदाज आहे. केप दहा असेल तर दहा टक्के. मुदत ठेवीवर सात टक्के व्याज आणि महागाई पाच टक्के असेल, तर तिथला खरा परतावा दोन टक्के, त्यातही कर जातो. आता दोन्ही एका मापात आले. माझ्या मते सामान्य माणसाला या सगळ्या खटाटोपाचा खरा उपयोग इथे आहे.

अमेरिकेची आकडेवारी १८७१ पासूनची आहे, त्यामुळे तिथे हे तपासून पाहता येतं. तिथली लांब पल्ल्याची सरासरी सतराच्या आसपास. १९२९ मध्ये केप तीसच्या वर गेला होता. त्यानंतर जे कोसळलं, त्यातून डाऊ जोन्स निर्देशांकाला आपली जुनी पातळी गाठायला १९५४ साल उजाडलं. १९८२ मध्ये केप सातच्या आसपास होता, कोणी शेअरचं नाव काढत नव्हतं, आणि पुढची अठरा वर्षं सोन्यासारखी गेली. डिसेंबर १९९९ मध्ये तो ४४ झाला. तेव्हा ज्यानं एकरकमी पैसे गुंतवले, त्याला दहा वर्षांनी निर्देशांक होता त्याच्याही खाली दिसला. दहा वर्षं म्हणजे पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, घराचं छत. मोबदल्याचा पैसा असा दहा वर्षं अडकला तर घर मोडतं, म्हणून मी हे एवढं पोटतिडकीनं सांगतोय.

पण हे माप तारीख सांगत नाही, हेही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला पाहिजे. डिसेंबर १९९६ मध्ये शिलर आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे हे आकडे मांडले. केप तेव्हा २८ च्या आसपास होता. दोनच दिवसांनी तिथले प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातल्या अविवेकी उत्साहाबद्दलचं ते गाजलेलं वाक्य उच्चारलं. एस अँड पी ५०० तेव्हा होता ७४४. मग? तो सव्वातीन वर्षं चढतच राहिला आणि मार्च २००० मध्ये १,५०० च्या पुढे गेला. इशारा ऐकून बाहेर पडलेल्याला शेजाऱ्यांचे पैसे दुप्पट होताना बघावे लागले. ऑक्टोबर २००२ मध्ये निर्देशांक परत ७७७ वर आला. म्हणजे इशारा खरा ठरला, पण सहा वर्षांनी. इतका धीर सगळ्यांकडे नसतो.

आक्षेपही आहेत, आणि ते वजनदार आहेत. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जेरेमी सीगल यांचं म्हणणं, हिशोबाचे नियम बदलल्यामुळे अलीकडच्या मंदीत नफा पूर्वीपेक्षा जास्त खाली दाखवला जातो, म्हणून केप फुगतो. व्याजदर खाली असले की लोक शेअरला जास्त भाव देतात, तेही खरं. १९९० नंतर अमेरिकेचा केप बहुतेक काळ जुन्या सरासरीच्या वरच राहिला आहे. सतराची वाट पाहणारा माणूस पिढीभर बाहेर बसला असता.

भारतात आणखी दोन अडचणी. पहिली, आपल्या कंपन्यांचा नफा वेगानं वाढत आला, त्यामुळे दहा वर्षांची सरासरी आजच्या नफ्याच्या बरीच मागे राहते आणि केप मुळातच मोठा दिसतो. अमेरिकेच्या सतराशी त्याची तुलना करू नये. आपल्याच जुन्या आकड्यांशी करावी. आणि ते जुने आकडेही फार मागचे नाहीत, निफ्टी सुरूच झाला १९९६ मध्ये. दुसरी अडचण अशी की ३१ मार्च २०२१ पासून एनएसईनं, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारानं, निफ्टीचा पी/ई काढायची पद्धत बदलली. आधी फक्त मूळ कंपनीचा नफा धरत, आता उपकंपन्या धरून एकत्रित नफा धरतात. एका दिवसात आकडा चाळीसवरून तेहतीसवर आला. बाजार काही एका दिवसात स्वस्त झाला नव्हता! मोबाईलवर दहा वर्षांचा आलेख बघताना ही पायरी लक्षात ठेवा.

यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन इथे देत आहोत.

प्रश्न : सर, हे सगळं खरं. मंग मोबदल्याचे पैसे आता टाकावं का थांबावं?

उत्तर : दादा, तारीख मी सांगणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून सांभाळून राहा. पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये घालूच नका, केप कितीही असो. उरलेल्याचे भाग करा आणि दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्यानं निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसे वाटणाऱ्या फंडात, टाका. केप आपल्याच जुन्या सरासरीच्या बराच वर असेल तर हप्ते लहान ठेवा आणि मुदत जास्त धरा. बाजार पडला, लोक शिव्या द्यायला लागले आणि केप खाली आला, की हप्ता वाढवा. आणि पोरगा फ्युचर्स-ऑप्शन्सचं, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांचं, नाव काढेल तर त्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल दाखवा : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या शंभर सामान्य माणसांपैकी त्र्याण्णव तोट्यात गेले.

प्रश्न (एक ताई) : एकाच कंपनीचा हिशोब करायचा तर दहा वर्षांचे आकडे भेटते कुठं? आन् तो हिशोब सगळ्याच कंपन्यांले चालते का?

उत्तर : ताई, कंपनीच्या वार्षिक अहवालात मिळतात. बऱ्याच मोठ्या कंपन्या दहा वर्षांचा तक्ता एका पानावर देतात. नसेल तर दहा अहवाल उघडायचे, कंपनीच्या संकेतस्थळावर ते फुकट असतात. महागाईचा निर्देशांक केंद्र सरकारचं सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याला देतं. सगळ्या कंपन्यांना मात्र हा हिशोब चालत नाही. पोलाद, सिमेंट, साखर अशा चढ-उताराच्या धंद्यांना तो छान लागू पडतो. ज्या कंपनीनं मधेच धंदा बदलला, मोठी दुसरी कंपनी विकत घेतली किंवा जी नुकतीच बाजारात आली, तिला नाही. आणखी एक काळजी घ्या. कंपनीनं बोनस, म्हणजे फुकट जादा शेअर, दिला असेल किंवा शेअर विभागला असेल तर जुना प्रतिशेअर नफा त्याच प्रमाणात कमी करून घ्यायचा. टाटा स्टीलचा दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर जुलै २०२२ मध्ये एक रुपया दर्शनी किमतीच्या दहा शेअरांत विभागला. त्याआधीच्या प्रत्येक वर्षाचा आकडा दहानं भागल्याशिवाय सरासरी काढलीत, तर उत्तर कित्येक पटींनी चुकेल.