ढोलीला फट दिसली तर

नमस्कार श्रोतेहो. मे लागला की आमच्या नागपुरातल्या कॉलनीत पावसाळ्याआधीची छाटणी निघते. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या जुन्या कडुनिंबाची जाड, वाळकी फांदी उतरवली. तिच्यात ढोली होती, आणि ढोलीत राखी धनेशाची मादी. हे फांदी जमिनीवर आपटल्यावर कळलं. नर दोन दिवस चोचीत उंबर धरून ठुटाभोवती फिरत राहिला. फांदी तोडा म्हणणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हापासून मला वेलिंग्टन आठवतं. न्यूझीलंडची ही राजधानी, समुद्राकाठची, वाऱ्याची. तिथे ‘काका’ नावाचा रानपोपट आहे. हो, काकाच, नाव माओरी भाषेतलं! तोही ढोलीतच अंडी घालतो. त्या देशात वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. उंदीर जहाजांतून आले. मग सशांचा उपद्रव आवरायला १८८०च्या दशकात स्टोट आणले, मुंगसाहून लहान, चपळ शिकारी. ढोलीत बसलेल्या मादीला पळायला दुसरी वाटच नसते. वेलिंग्टनमधून काका नाहीसा झाला.

१९९९मध्ये शहरालगतच्या २२५ हेक्टर दरीभोवती उंदीर-स्टोटना अडवणारं ८.६ किलोमीटरचं कुंपण पुरं झालं आणि २००२मध्ये काका तिथे सोडले. पण पक्ष्याला कुंपण काय? तो शहरात उडाला. मग कित्येक घरांच्या परसात उंदरांसाठी लाकडी खोक्यातले सापळे लागले, आमिष शेंगदाण्याच्या लोण्याचं. आज काका तिथे लोकांच्या झाडांची साल सोलतात, आणि काहीजण वैतागतातही!

म्हणून नागपुरात सापळे लावायचे का? छे. आपल्याकडे उंदीर हे पिंगळ्याचं जेवण आहे. आपली अडचण वेगळी: ढोल्याच उरत नाहीत. पोपट, पिंगळा, तांबट, धनेश, सगळ्यांना जुनं, पोकळ, आपल्या डोळ्यांना कुरूप दिसणारं लाकूड लागतं. आणि आपली कुऱ्हाड नेमकी त्यांच्या विणीच्या दिवसांत चालते. धनेशाची मादी स्वतःला आत कोंडून घेते, ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपते. राहते ती एक उभी फट. त्या फटीतून नर तिला भरवतो.

यंदा छाटणीवाले आले, तेव्हा आम्ही चौघं आधी दुर्बीण घेऊन खाली उभे राहिलो. एका शिरीषावर फट दिसली. धोका नव्हता, म्हणून ती फांदी ठेवली आहे, पिल्लं उडेपर्यंत. तुमच्याकडे छाटणी कधी आहे?