तापलेले तांबे, तापलेले सिलिकॉन

श्रोते हो, नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतली मोटार रिवाइंडिंगची दुकाने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या विहिरीवरची मोटार जळाली की ती अशा दुकानात येते, काळवंडलेली जुनी तार ओढून काढली जाते आणि खाचांत नवी, इनॅमल चढवलेली तांब्याची तार भरली जाते. वाइंडिंगचा रोध मोटार थंड असताना मोजला आणि दोन तास चालवून पुन्हा मोजला, तर दुसरा आकडा मोठा येतो, हे तिथल्या कारागिराला अनुभवाने ठाऊक असते. तांब्याचे तापमान 30 अंशांवरून 80 अंशांवर गेले, तर रोध सुमारे 19 टक्क्यांनी वाढतो. शुद्ध सिलिकॉन तापवले तर मात्र नेमके उलटे घडते. त्याचा रोध झपाट्याने घटतो.

तांब्याचा प्रत्येक अणू आपला एक इलेक्ट्रॉन साऱ्या धातूच्या सामाईक मालकीला देऊन टाकतो. त्यामुळे एका घन मिलिमीटर तांब्यात 85 वर 18 शून्ये इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. एवढी गर्दी असल्यामुळे त्यांना फार सरकावेच लागत नाही. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून एक अँपिअर एकदिश प्रवाह वाहत असेल, तर हा लोंढा तासाभरात जेमतेम वीतभर पुढे जातो. घरच्या पंख्यात तर प्रवाहच सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतो, म्हणजे तिथले इलेक्ट्रॉन जागच्या जागी थरथरतात. पुढे सरकते ते फक्त बिल.

हे इलेक्ट्रॉन अणूंवर आदळत जातात आणि त्यातूनच रोध निर्माण होतो, अशी कल्पना पॉल ड्रूड यांनी 1900 मध्ये मांडली. आजही बऱ्याच ठिकाणी एवढेच सांगून थांबतात, आणि त्याला माझी हरकत आहे. तसे असते तर दर एक-दोन अणूंमागे ठेच लागायला हवी होती; प्रत्यक्षात साध्या तापमानालाही तांब्यातला इलेक्ट्रॉन शंभराहून अधिक अणू ओलांडून मगच अडखळतो. याचा उलगडा फेलिक्स ब्लॉख यांनी 1928 मध्ये केला. इलेक्ट्रॉन हा तरंगाप्रमाणे वागतो, आणि अणूंची रांग अगदी नियमित असेल तर हा तरंग तिच्यातून विनाअडथळा निघून जातो. अडवतो तो अणू नव्हे, तर रांगेतला बिघाड. उष्णतेने अणू जास्त थरथरू लागले की रांग विस्कटते आणि रोध वाढतो.

सिलिकॉनमध्येही अणू थरथरतातच; पण तिथे मुळात वाहून नेणाऱ्यांचीच वानवा असते. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा पाउली यांचा 1925 चा नियम, आणि त्यामुळे घन पदार्थात ऊर्जेचे पट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचे गट, खालून वर भरत जातात. तांब्यात वरचा पट्टा अर्धवट रिकामा राहतो. सिलिकॉनमध्ये तो पूर्ण भरतो, आणि खानापूरला निघालेल्या खचाखच भरलेल्या बसमध्ये जसे कोणालाच पुढे सरकता येत नाही, तसे तिथले इलेक्ट्रॉन अडकून पडतात. वरचा रिकामा पट्टा सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे ऊर्जेचे एक छोटे एकक) दूर असतो, तर साध्या तापमानाची उष्णता सरासरी 0.025 च्या आसपासच ऊर्जा देते. म्हणून फारच थोडे इलेक्ट्रॉन वर उडी मारू शकतात. (हिऱ्यात हे अंतर 5.5 आहे, म्हणून तो विद्युतरोधक.) जो इलेक्ट्रॉन वर जातो, तो खाली एक मोकळी जागा सोडून जातो, मागचा त्या जागेत सरकतो, त्याच्या मागचा त्याच्या जागेत, आणि ती रिकामी जागाच उलट्या दिशेने चालल्यासारखी दिसते. तापवल्यावर अशा उड्या इतक्या वाढतात की विस्कटलेल्या रांगेचा तोटा त्यापुढे नगण्य ठरतो.

भेसळीचेही तसेच आहे. सिलिकॉनच्या दहा लाख अणूंमागे फॉस्फरसचा एकच अणू मिसळला, तरी शेजारच्या सिलिकॉन अणूंशी चार इलेक्ट्रॉनांनी बांधले गेल्यावर उरलेल्या त्याच्या पाचव्या, मोकळ्या इलेक्ट्रॉनामुळे वाहकांची संख्या लाखो पटींनी वाढते. हाच फॉस्फरस तांब्यात किंचित जरी उरला, तरी रांग बिघडते आणि तारेची वहनक्षमता लक्षात येण्याइतकी घटते. म्हणूनच उद्यमबागेतला तो कारागीर तार घेताना तांबे शुद्ध आहे ना, हे दोनदा विचारतो.