सावलीच्या पट्ट्या आणि संगणकाचा आलेख

शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

प्राथमिक वर्गात तंत्रज्ञानाच्या साहाय्याने अनेक विषयांचा मिळून एक प्रकल्प कसा करावा, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. साधनांची यादी सांगणे सोपे आहे, पण ती यादी पाहता पाहता जुनी होते. म्हणून चौथीच्या मुलांबरोबर मी अनेकदा केलेला एकच प्रकल्प तपशिलाने सांगणार आहे, आणि त्यात उपकरण नेमके कोणत्या क्षणी हातात घ्यावे, एवढाच प्रश्न धरून बोलणार आहे.

विषयांची सांगड घातली, असे आपण फार सहज म्हणतो. सूर्यमालेचा एक मोठा तक्ता करायचा, त्यात गणित म्हणून ग्रहांची अंतरे लिहायची, भाषा म्हणून सूर्यावरची कविता चिकटवायची आणि कला म्हणून रंग भरायचे, असे प्रकल्प मीही करून घेतले आहेत. त्यात एकाही विषयाचे दुसऱ्यावाचून अडत नाही. एखादा विषय काढून घेतला तर काम अडून बसते का, ही कसोटी मी आता लावते, आणि तीच उपकरणालाही लावते. संगणक बाजूला ठेवूनही प्रकल्प तसाच पार पडत असेल, तर तो संगणक तिथे शोभेपुरता होता.

प्रकल्पाचा विचार संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांचा प्रकल्प पद्धतीवरील लेख १९१८ सालचा. मुलांसाठी तयार झालेली ‘लोगो’ ही संगणकभाषा १९६७ मध्ये आली आणि तिच्या कर्त्यांपैकी एक असलेले सेमूर पॅपर्ट मुलांना सांगत, की पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देण्यापूर्वी स्वतः कासव होऊन जमिनीवर चालून पाहा. पावले आधी, आज्ञा नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता प्रकल्पाकडे येते. मोकळ्या जागेत एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करायची आणि सकाळी ९ ते दुपारी ३ पर्यंत दर अर्ध्या तासाने तिच्या सावलीची लांबी मोजायची. सावली सर्वांत लहान केव्हा होईल, असे आधी विचारले की सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘बाराला!’ हे उत्तर मी फळ्यावर लिहून ठेवते आणि पुसत नाही.

पहिल्या दिवशी कोणतेही उपकरण नसते. सावलीच्या लांबीएवढी कागदाची पट्टी कापायची आणि तिच्यावर वेळ लिहायची, एवढेच काम. इथेच पहिली अडचण येते. एकदा एक मुलगी खडू हातात घेऊन सावलीच्या टोकाशी बराच वेळ ओणवी बसली होती, कारण सावलीला धारदार कड नसते. सूर्य हा बिंदू नसून आकाशात सुमारे अर्धा अंश रुंदीची तबकडी आहे, त्यामुळे सावलीचे टोक एक-दोन सेंटीमीटर धूसर असते. खूण कुठे करायची, हे मुलांनी आपसात ठरवले आणि दिवसभर तोच नियम पाळला. मापनाचा एवढा चांगला धडा मला पाठ्यपुस्तकातून कधी देता आला नव्हता.

त्या पट्ट्या वेळेच्या क्रमाने भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या की स्तंभालेख आपोआप तयार होतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी एवढे पुरेसे आहे. मोठ्या मुलांनी मात्र पट्ट्या मोजून ती मापे संगणकावरच्या तक्त्यात भरावीत. भिंतीवरचा आलेख स्वतःच्या हाताने केलेला असल्यामुळे पडद्यावरचा आलेख कुठून आला, हे मग कोणाला सांगावे लागत नाही.

तक्ता भरताना चुका होतात, आणि त्या होऊ द्याव्यात. काही गटांनी प्रत्येक चौकटीत अंकापुढे ‘सेमी’ असे लिहिले, आणि आलेख उमटेचना. संगणकाने ते अंक शब्दांत जमा केले होते. एकक चौकटीत न लिहिता रकान्याच्या शीर्षकात लिहायचे, हे मुलांना त्या कोऱ्या आलेखाने शिकवले. एकदा ढग आल्यामुळे साडेअकराची नोंद राहिली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मापांवरून मधला आकडा भरून टाकावा, असे काहींनी सुचवले. ती चौकट मी रिकामीच ठेवायला लावली. जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहायचे नाही, याबाबत मी तडजोड करत नाही. साध्या रेषालेखात रिकाम्या वेळेची ओळच वगळली, तर अकरा आणि बारा शेजारी येऊन बसतात आणि गेलेला अर्धा तास दिसेनासा होतो, म्हणून आडव्या अक्षावर वेळ खऱ्या अंतराने दाखवणारा बिंदूंचा आलेख निवडावा.

भाषेच्या तासाला मोबाइलवर मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करते. फोन गटाला एकच पुरतो, आणि चित्रण करायचे झालेच तर सावलीचे करावे, चेहऱ्यांचे नको. ‘काठी उभी केली आणि मग ती हळूहळू लहान झाली,’ असे एका मुलाने सांगितले होते. ते परत ऐकताना तोच दचकला. काठी लहान झाली? मराठीत काठीही ‘ती’ आणि सावलीही ‘ती’. आपले वाक्य परक्याच्या कानाने ऐकण्याची सोय त्या ध्वनिमुद्रणाने केली, आणि पुढचा अर्धा तास वर्ग आपले अहवाल सर्वनामे तपासत दुरुस्त करत होता. मी लाल शाईने शंभर खुणा केल्या असत्या तरी हे झाले नसते.

आणि मग तो फळ्यावरचा ‘बारा’. आलेखातला सर्वांत खालचा बिंदू बाराला नव्हता. मुलांनी आधी मोजणाऱ्याला दोष दिला, मग काठी वाकडी होती असे म्हटले, आणि शेवटी एकाने विचारले, ‘बाई, मग घड्याळ चुकतंय का?’ घड्याळ एका ठरावीक रेखावृत्ताच्या प्रमाणवेळेने चालते आणि रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे सूर्याच्या वेळेत ४ मिनिटांचा फरक पडतो, हा भूगोल इथे मुलांना हवा म्हणून आला. शिवाय सूर्याची वेळ वर्षभरात घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटांपर्यंत मागेपुढे होते, पण ते चौथीत सांगण्याची घाई मी करत नाही.

मध्यान्हाच्या आसपास सावली इतकी संथ बदलते, की सर्वांत लहान पट्टी कोणती हे पट्ट्यांवरून ठरत नाही. त्यासाठी सकाळी आणि दुपारी सारख्याच लांबीची सावली असलेल्या दोन वेळांचा मध्य काढावा लागतो, आणि त्या वेळा आपल्या अर्ध्या-अर्ध्या तासांच्या मध्येच कुठेतरी असतात. त्या शोधायला आलेख लागतोच. मी तो छापून गटागटांत वाटला. मुलांनी बिंदू पेन्सिलीने जोडले, कागद खिडकीच्या काचेवर उजेडात धरला आणि वक्ररेषेची डावी बाजू उजव्या बाजूवर बसेपर्यंत सरकवत दुमडला. घडी उलगडली तेव्हा ती खालच्या अक्षाला १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास छेदत होती. एका मुलीने त्या घडीवरून पेन्सिलीने रेघ ओढली आणि खाली लिहिले, ‘आमचे खरे बारा’.